टीम कॉन्क्रीट पण आहे आणि कलेक्टिव्ह पण, तुमच्या मुलीचं तिथे चुकलेलं नाही

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. मुलगी सहावीत, सेमी इंग्लिशला, टेस्टमध्ये नामांच्या प्रकारांचे तीन रकाने दिलेले, कॉन्क्रीट म्हणजे वस्तूचं नाव, अ‍ॅबस्ट्रॅक्ट म्हणजे भाववाचक आणि कलेक्टिव्ह म्हणजे समूहवाचक, आणि खालचे शब्द त्यात भरायचे. तिने टीम हा शब्द कॉन्क्रीटमध्येही लिहिला आणि कलेक्टिव्हमध्येही, तर मार्क कापले. एअर दिसत नाही म्हणून अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये टाकली, तिथेही कापले. फर्निचर कलेक्टिव्हमध्ये, तिथेही. यूथवर तिने नुसतं प्रश्नचिन्ह काढलं. आता ती म्हणतेय बाईच चुकल्या आणि तुम्हाला कळत नाहीये कुणाची बाजू घ्यावी.

मी पुण्यात 24 वर्षं इंग्रजीच्या शिकवण्या घेतेय, हा घोळ दरवर्षी जुलै-ऑगस्टला माझ्याकडे येतोच. निकाल आधी सांगते. टीमच्या बाबतीत मुलगी बरोबर. एअर आणि फर्निचरच्या बाबतीत बाई बरोबर. आणि खरी चूक दोघींचीही नाही, ती त्या तीन रकान्यांची आहे.

कारण हे तीन डबे एका माळेतले नाहीतच. समजा मी तुम्हाला विचारलं, मेथी हिरवी आहे, महाग आहे, की जुडीने मिळते? एकच उत्तर द्या. काय देणार? ती हिरवीही आहे, पावसाळ्यात महागही आहे आणि मंडईत जुडीनेच मिळते. तसंच हे. कॉन्क्रीट की अ‍ॅबस्ट्रॅक्ट हा एक प्रश्न झाला, आणि कलेक्टिव्ह आहे की नाही हा पूर्ण वेगळा प्रश्न. प्रत्येक नामाला दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारायचे. टीम, पहिल्या प्रश्नाला उत्तर कॉन्क्रीट, कारण मैदानात उभी दिसते. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर हो, कलेक्टिव्ह, कारण शब्द एक आणि आत माणसं अकरा. संपलं.

तुम्ही लिहिलंय की तुमचं स्वतःचं इंग्रजी पाचवीपासून सुरू झालं म्हणून तुम्हाला धीर होत नाही. अहो, 2000 साली पहिलीपासून इंग्रजी आलं, त्याआधीचे मराठी शाळेतले आपण सगळे पाचवीवालेच. आणि हा विषय तर मराठीतून जास्त चांगला कळतो, खरंच सांगते, कारण कलेक्टिव्ह नाउन म्हणजे समूहवाचक नाम आणि त्यात मराठी फार श्रीमंत आहे. गुरांचा कळप, पक्ष्यांचा थवा, लाकडांची मोळी, गवताची पेंढी, किल्ल्यांचा जुडगा, द्राक्षांचा घोस, केळ्यांचा घड, नाण्यांची चळत, मडक्यांची उतरंड, चोरांची टोळी, पोरांचा घोळका. गणपतीत तर अख्खं पुणं कलेक्टिव्ह नाउनवर चालतं, मंडळ म्हणजे कलेक्टिव्ह, ढोल-ताशा पथक म्हणजे कलेक्टिव्ह, जून-जुलैत पालख्या येतात तेव्हा दिंडी म्हणजे कलेक्टिव्ह. मुलीला विचारा, पथक आणि ढोलवाले यात फरक काय? ढोलवाले हे नुसतं अनेकवचन. पथक हे एकवचन, पण एकटा माणूस पथक होऊ शकत नाही. हा फरक तिला कळला की प्लेअर्स आणि टीम यातला फरक वेगळा शिकवायला लागत नाही. खूप मुलं प्लेअर्स, बर्ड्स, स्टुडंट्स हे कलेक्टिव्हमध्ये टाकतात कारण 'खूप आहेत ना बाई'. खूप असणं पुरत नाही, खुपांना मिळून एक नाव लागतं.

अजून एक बारीक गोष्ट. 'अ बंच ऑफ कीज' असेल तर कलेक्टिव्ह नाउन फक्त बंच. कीज नाही. मुलं अख्ख्या गठ्ठ्याखाली रेघ मारतात आणि मार्क घालवतात. आणि 'अ किलो ऑफ शुगर', 'अ कप ऑफ टी' यातला किलो आणि कप कलेक्टिव्ह नाही, ते माप आहे.

आता फर्निचर. इथे मुलीचा विचार चुकीचा नाहीये खरं तर, खुर्ची टेबल कपाट सगळं मिळून फर्निचर, मग समूहच झाला की. पण मी दोन चाचण्या लावते. पहिली, त्या शब्दापुढे 'ऑफ' लावून आतल्या वस्तू मोजता येतील अशा सांगता येतात का? अ टीम ऑफ प्लेअर्स, जमलं. अ फ्लीट ऑफ शिप्स, जमलं. अ फर्निचर ऑफ चेअर्स? कानालाच खटकतं. दुसरी, त्याचं अनेकवचन होतं का? टू टीम्स, थ्री फ्लीट्स, होतं. टू फर्निचर्स? नाही होत, दुकानांच्या पाट्यांवर फर्निचर्स कितीही वेळा लिहिलेलं असलं तरी नाही होत. त्यामुळे फर्निचर हे अनकाउंटेबल नाउन, लगेज, ज्वेलरी, क्रॉकरी हे त्याचेच भाऊबंद. मोजायचंच असेल तर अ पीस ऑफ फर्निचर. काही गाईडांमध्ये फर्निचर कलेक्टिव्हच्या यादीत छापलेलं असतं हे मला माहितीये, अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या दोन गाईडांत दोन उत्तरं मी स्वतः पाहिलीत, म्हणून मुलीला रागावू नका. पण विचाराल तर मी अनकाउंटेबलच सांगीन.

कलेक्टिव्हमध्ये मराठी माणसाला सगळ्यात जास्त नडणारा शब्द म्हणजे पोलीस. आपल्याकडे 'चौकात एक पोलीस उभा होता' अगदी बरोबर. इंग्रजीत 'अ पोलीस वॉज स्टँडिंग' साफ चूक. तिकडे पोलीस म्हणजे अख्खं दल, आणि त्याचं क्रियापद कायम अनेकवचनी, द पोलीस आर कमिंग. एकटा असेल तर पोलीसमन किंवा पोलीस ऑफिसर. कॅटलचं पण तेच, कॅटल आर, इज कधीच नाही. स्टाफचंही लक्षात ठेवा, 'आमच्याकडे तीन स्टाफ आहेत' हे ऑफिसात सगळे बोलतात पण इंग्रजीत स्टाफ म्हणजे सगळे मिळून, तीन हवे असतील तर थ्री स्टाफ मेंबर्स किंवा थ्री एम्प्लॉइज.

टीम इज की टीम आर, हे तुम्ही विचारलेलं नाहीत पण पुढच्या वर्षी विचाराल म्हणून आत्ताच सांगून टाकते. सगळे मिळून एक म्हणून काही करत असतील तर इज. आतली माणसं वेगवेगळं काही करत असतील, भांडत असतील, मतं फुटली असतील, तर आर. ब्रिटिश लोक आर सढळ हाताने वापरतात, त्यांच्या क्रिकेट कॉमेंट्रीत 'इंग्लंड आर टू हंड्रेड फॉर फाइव्ह' असं सर्रास ऐकू येतं, अमेरिकन माणूस तिथे इज म्हणेल. शाळेत शंका असली की इज लिहायचं, फक्त पोलीस, पीपल आणि कॅटल सोडून.

यावरून एक गंमत आठवली, विषयाला थोडी सोडून आहे. माझे आजोबा आजीची ओळख करून देताना म्हणायचे, 'ही आमची फॅमिली.' आधीच्या पिढीतले म्हणायचे 'हे आमचं कुटुंब', आणि 'आमची मंडळी' म्हणणारे तर होतेच. फॅमिली, कुटुंब, मंडळी, तिन्ही शब्द अस्सल समूहवाचक, आणि तिन्ही वापरायचे एकट्या बायकोसाठी. व्याकरणाच्या दृष्टीने माझी आजी म्हणजे एकटीच कलेक्टिव्ह नाउन होती. घरातली कामं बघता ते फार चूकही नव्हतं म्हणा.

बरं, आता दुसरा प्रश्न, कॉन्क्रीट की अ‍ॅबस्ट्रॅक्ट. शाळेत याची एक ठरलेली व्याख्या असते, पाच इंद्रियांना कळतं ते कॉन्क्रीट, बाकी अ‍ॅबस्ट्रॅक्ट. सुरुवातीला ठीक आहे. पण मुलं त्यातलं फक्त डोळे लक्षात ठेवतात आणि इथेच तुमच्या मुलीची एअर गेली. दिसत नाही म्हणजे अ‍ॅबस्ट्रॅक्ट असं नाही. पंख्याखाली बसलं की कळते ना? टायरमध्ये भरता येते ना? मी क्लासमध्ये हे पुणेरी पाट्यांवरून शिकवते. एका गेटवर लिहिलंय, 'येथे गाडी लावल्यास हवा सोडली जाईल.' दुसऱ्या गेटवर, 'येथे गाडी लावल्यास अपमान करण्यात येईल.' पहिल्यात सोडतात ती हवा कॉन्क्रीट, संध्याकाळी पंपावर जाऊन परत भरता येते. दुसऱ्यात होतो तो अपमान अ‍ॅबस्ट्रॅक्ट, तो भरून देणारा पंप नाही. एवढं सांगितलं की पोरं एअर कधी विसरत नाहीत.

पण पाच इंद्रियांची ती व्याख्या मला स्वतःला अर्धवटच वाटते, आणि का ते एकदा आठवीतल्या एका मुलाने मला दाखवलं. मी सांगत होते गूळ कॉन्क्रीट, गोडी अ‍ॅबस्ट्रॅक्ट. तो म्हणाला, बाई, गोडी जिभेला कळते की, मग ती पण कॉन्क्रीट. मी गप्प. खरंच कळते की जिभेला. त्या दिवशी घरी जाऊन विचार केला आणि तेव्हापासून व्याख्याच बदलली. कॉन्क्रीट आणि अ‍ॅबस्ट्रॅक्ट दोन्ही शब्द मूळ लॅटिनमधले. कॉन्क्रीटचा मूळ अर्थ एकत्र वाढून घट्ट झालेलं, म्हणून तर बिल्डरच्या त्या मिश्रणालाही तेच नाव पडलं. आणि अ‍ॅबस्ट्रॅक्टचा अर्थ ओढून बाजूला काढलेलं. कशातून ओढून काढलेलं? वस्तूतून. गुळाचा खडा हातात आहे, त्यात रंग, वजन, चिकटपणा, गोडी सगळं एकत्र घट्ट बसलंय. त्यातली फक्त गोडी तुम्ही मनातल्या मनात बाजूला काढलीत आणि तिला नाव दिलंत, की ते अ‍ॅबस्ट्रॅक्ट नाउन. प्रत्यक्षात ती गुळातून सुटी होत नाही, फक्त डोक्यात होते. मराठी व्याकरणात हेच फार सुंदर सांगितलंय, धर्मिवाचक नाम आणि धर्मवाचक नाम. इथे धर्म म्हणजे गुण. गूळ हा धर्मी, ज्याच्या अंगी गुण आहे तो. गोडी हा धर्म. भाववाचक नाम म्हणतो ते हेच.

तर मी मुलांना सांगते, पिशवी काढा. मनातल्या मनात. ती वस्तू एकटी, दुसऱ्या कशालाही न धरता पिशवीत येईल का? पिशवी लागेल तेवढी मोठी घ्या. गूळ येईल. हत्ती येईल. हवा येईल, फुगा म्हणजे दुसरं काय. गोडी? गूळ घेतल्याशिवाय येणार नाही. राग? रागावलेला माणूस कोंबावा लागेल, नुसता राग येत नाही. मुलं म्हणतात राग दिसतो की बाबांचा, तर दिसतो तो बाबांचा चेहरा. थीफ येईल, थेफ्ट येणार नाही, आणि गँग? येईल, फक्त पिशवी मोठी लागेल. चोर, चोरी आणि टोळी, एका धंद्यात तिन्ही प्रकार.

आणि भूत? हा प्रश्न प्रत्येक बॅचला येतो. घोस्ट, फेअरी, ड्रॅगन हे खोटे आहेत म्हणून अ‍ॅबस्ट्रॅक्ट असं मुलांना वाटतं. पण खरं असणं-नसणं हा व्याकरणाचा विषयच नाही. भूत असतंच तर ते झाडावर बसलेलं असतं, पाय उलटे असतात, एकटं असतं. ते कॉन्क्रीट. तुम्हाला वाटते ती भीती अ‍ॅबस्ट्रॅक्ट. गंमत बघा, जे नसतं ते कॉन्क्रीट आणि जी खरोखर वाटते ती अ‍ॅबस्ट्रॅक्ट.

शेपट्या बघून ओळखायची पण एक पद्धत आहे, क्लासवाले तीच जास्त शिकवतात. नेस, शिप, हूड, डम, मेंट, इटी, शन असं शेवटी असेल तर अ‍ॅबस्ट्रॅक्ट. काइंडनेस, फ्रेंडशिप, चाइल्डहूड, फ्रीडम. मराठीत जसं शहाणपण, मैत्री, गरिबी, दादागिरी, तसंच. उपयोगी आहे पण आंधळेपणाने नको, कारण विटनेस म्हणजे कोर्टात उभा राहणारा माणूस, स्टेशन म्हणजे शिवाजीनगरला आहे ते, सिटी म्हणजे आपलं पुणं, आणि सिमेंटच्या शेवटी मेंट आहे म्हणून ते अ‍ॅबस्ट्रॅक्ट म्हणणाऱ्या एका पोराला मी खिडकीतून समोरची साइट दाखवली होती. सिमेंट अ‍ॅबस्ट्रॅक्ट आणि कॉन्क्रीट कॉन्क्रीट, काय बोलणार.

काही शब्द खरंच काठावरचे आहेत, साउंड, स्मेल, लाइट, हीट, पेन, ड्रीम. साउंड, स्मेल, लाइट इंद्रियांना कळतात म्हणून बहुतेक शाळा कॉन्क्रीट धरतात, ड्रीम आणि पेन अ‍ॅबस्ट्रॅक्ट धरतात, हीट इकडेही सापडते तिकडेही. यावर वाद घालण्यात अर्थ नाही. चांगला पेपर काढणारा असे शब्द टाकतच नाही.

आता यूथ. हा शब्द पेपरात एकटा, वाक्याशिवाय टाकणं हा मुलांवर अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत. कारण हा शब्द तिन्ही रकान्यांत बसतो. 'ही वॉज अ गुड रेसलर इन हिज यूथ', म्हणजे तरुणपणी, अ‍ॅबस्ट्रॅक्ट. 'अ यूथ केम टू द डोअर', म्हणजे एक तरुण पोरगा, कॉन्क्रीट. 'द यूथ ऑफ पुणे', म्हणजे पुण्यातले सगळे तरुण मिळून, कलेक्टिव्ह. आणि मराठीत बघा, तरुणाई शब्दाचं अगदी हेच झालंय. मुळात तरुणाई म्हणजे तारुण्य, भाववाचक नाम. आणि आता पेपरात छापून येतं, 'एफसी रोडवर तरुणाईची गर्दी'. गर्दी करणारं तारुण्य नसतं, पोरं असतात. भाववाचक नाम चालता चालता समूहवाचक झालं. तुमच्या मुलीने तिथे प्रश्नचिन्ह काढलं ना, मी असते तर त्या प्रश्नचिन्हाला मार्क दिला असता.

असे अजून आहेत. बेंच, वर्गातला बसायचा तो कॉन्क्रीट, आणि हायकोर्टाचं बेंच, ज्याच्यासाठी पुण्यातले वकील इतकी वर्षं मागणी करतायत, ते न्यायाधीशांचं, म्हणजे कलेक्टिव्ह. जस्टिस म्हणजे न्याय, अ‍ॅबस्ट्रॅक्ट, आणि मिस्टर जस्टिस अमुक म्हणजे चालता-बोलता माणूस. क्लासमध्ये आशा नावाची मुलगी असेल तर ती मुलगी, आणि होप या अर्थाची आशा ती वेगळी. म्हणून शब्द बघून प्रकार सांगायची सवय नको, आधी वाक्य वाचायचं. वाक्य दिलेलं नसेल तर आपण एक मनात करायचं आणि जमलं तर ते उत्तराशेजारी लिहायचं.

कलेक्टिव्हच्या त्या लांबलचक याद्या पाठ करून घेताय का? फार घेऊ नका. कावळ्यांच्या थव्याला 'मर्डर ऑफ क्रोज' म्हणतात वगैरे जे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, ते खरं आहे, पंधराव्या शतकातल्या इंग्लंडातल्या अशा याद्यांमध्ये ते सापडतं, पण रोजच्या बोलण्यात कुणी वापरत नाही, फ्लॉक म्हटलं तरी भागतं. फ्लॉक, हर्ड, स्वॉर्म, बंच, फ्लीट, क्रू, पॅक, गँग एवढे आले की सहावी-सातवी पार.

पेपरचं काय करायचं? मुलीला घेऊन बाईंना भेटा, पण भांडायला नको. त्यांना एवढंच विचारा की टीम कॉन्क्रीट का नाही. बहुतेक त्या म्हणतील की एकाच रकान्यात लिहायचं होतं आणि जास्त नेमकं जे आहे ते लिहायचं होतं. परीक्षेपुरतं ते बरोबर आहे, आणि मुलीला तेवढा हिशोब शिकवा. कलेक्टिव्हचा रकाना दिलेला असेल आणि शब्द समूहाचा असेल तर तिथेच लिहायचं, दोनदा लिहायचं नाही, मनात कितीही पटलं असलं तरी. आधी समूह आहे का ते बघायचं, नसेल तर मग पिशवी काढायची. पन्नास-साठ पेपर तपासणाऱ्या बाईंकडे उत्तरांची एक छापील यादी, आन्सर की, असते आणि त्या तिला धरून चालतात, मीही सुरुवातीला तेच करायचे.

आणि शेवटी मुलीने विचारलंय ते, होमवर्क कुठे टाकायचा. अनकाउंटेबल आहे, होमवर्क्स म्हणायचं नाही. पिशवीत येतो का, तर वही येते, होमवर्क म्हणजे करायचं काम, ते काही सुटं येत नाही, त्यामुळे मी अ‍ॅबस्ट्रॅक्टकडे झुकेन. पण न केल्याबद्दल वर्गाबाहेर उभं राहणारी मुलगी कॉन्क्रीट असते, हेही तिला सांगा.